मागाचा पासवर्ड कुणाकडे?

प्रति,
सोलापुरातील टॉवेल-चादरीचे सर्व कारखानदार बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, जरा कारखान्यावर येऊन जाता का? एक माग दाखवायचाय." मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले. परदेशातून आणलेला रॅपिअर माग, म्हणजे आडवा दोरा धोट्याऐवजी पट्टीनं ओढून नेणारा. घेऊन तीन वर्षं झालेली, बँकेचे हप्ते अजून चालू. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे ताण्याचे उभे दोरे गुंडाळलेले रूळ, लागतात, एक पायाच्या ताण्याचा आणि एक पाइलचा, म्हणजे वर उठणाऱ्या फंद्यांचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातल्या पाइलच्या बीमची सोड, म्हणजे दोरा मोजून सोडण्याची व्यवस्था, बिघडली होती. टॉवेल एका हातावर दाट, पुढच्या हातावर विरळ निघत होता आणि जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचं वजन, काही केल्या बसत नव्हता. पोरगा हुशार आहे. त्यानं मोटर तपासली, वायरी तपासल्या, दोष मागाच्या इलेक्ट्रॉनिक कार्डात आहे इथपर्यंत तो स्वतःच पोचला होता. पुढे जायला गेला तर पडद्यावर एक रिकामी चौकट आली. चौकटीत पासवर्ड घाला म्हणे. तो पासवर्ड अख्ख्या सोलापुरात कुणाकडे नव्हता.

पुरवठादाराचा माणूस यायला अकरा दिवस लागले. आल्यावर त्यानं चाळीस मिनिटांत काम उरकलं. काम करताना पडद्याकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं, हे मला त्या विद्यार्थ्यानं नंतर सांगितलं. ज्याच्या घामाच्या पैशानं तो माग आला, त्यानं आपल्याच मागाकडे पाठ करून उभं राहायचं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

माझे वडील इथल्याच एका मिलमध्ये जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून चालते ठेवणारे मुकादम होते. त्यांच्या हाताखाली जेवढे साचे, म्हणजे मिलचे माग होते, तेवढ्यांचे आवाज त्यांना वेगवेगळे ओळखू यायचे. घरी जेवताना भोंगा झाला की ते हात धुऊन निघायचे, आणि परत आले की कुठल्या साच्यानं आज काय त्रास दिला ते आईला सांगायचे, जणू शेजारपाजारच्या माणसांबद्दलच बोलताहेत. धोटा मारणारी पिकिंग स्टिक तुटली तर लाकूड तासून नवी बसवायचे. चाकाचा दात गेला तर तुटका तुकडा रुमालात गुंडाळून लेथवाल्याकडे नेत आणि शेजारी उभं राहून नवं चाक करून घेत. त्यांची एक जाड वही होती. त्यात मागाच्या प्रत्येक भागाचं पेन्सिलनं काढलेलं चित्र आणि शेजारी इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत माप. शिक्षण सातवी. ती वही बघत बघतच मी मेकॅनिकलला गेले, आणि पुढे आयुष्यभर पॉलिटेक्निकच्या पोरांना शिकवलं.

ते साचेही बाहेरचेच होते, इंग्लंडात ओतलेल्या लोखंडाचे. तरी वडिलांना त्यांचं पोट माहीत होतं. माझ्या विद्यार्थ्याला त्याच्या मागाचं पोट माहीत नाही, कारण तो कुलूप लावूनच विकलेला आहे. ही गोष्ट मला एका कारखान्याच्या अडचणीएवढी लहान वाटत नाही. कुठला देश श्रीमंत होतो आणि कुठला नुसता राबत राहतो, हे गेली अडीचशे वर्षं याच कुलपावर ठरत आलं आहे. आणि त्याची सुरुवात विमानापासून किंवा संगणकापासून झालेली नाही, तुमच्या-आमच्या धंद्यापासून, सूत आणि कापडापासून झाली. म्हणून हे पत्र मी मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितेय.

अर्थइतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांचा प्रचलित अंदाज असा की १७०० च्या सुमारास जगाच्या एकूण उत्पन्नातला जवळजवळ चौथा हिस्सा हिंदुस्थानचा होता. १९५० साली तो चार टक्क्यांच्या आसपास उरला. याचं सगळं खापर आपण लुटीवर फोडतो. लूट झालीच. इंग्लंडनं १७०० आणि १७२१ साली कायदे करून आपल्या छिटाच्या कापडाला तिकडच्या बाजारात बंदी केली, आणि राज्य हातात आल्यावर आपला बाजार मात्र स्वतःच्या मालाला सताड उघडा ठेवला. पण त्याच काळात तिकडे दुसरंही काही चाललं होतं, आणि ते आपण शाळेत फक्त सनावळी म्हणून पाठ केलं. १७३३ मध्ये जॉन के यानं दोरी ओढली की आपोआप धावणारा धोटा काढला. विणकर भराभर विणू लागला, तसं सूत कमी पडू लागलं. मग सूत काढायची यंत्रं आली, हारग्रीव्हजची, १७६९ ला आर्कराइटची, १७७९ ला क्रॉम्प्टनचं म्यूल. आता सूत उदंड झालं आणि विणकर कमी पडू लागले, तेव्हा १७८५ मध्ये कार्टराइटनं यंत्रमागाचं पेटंट घेतलं. एकाची अडचण दुसऱ्याचा शोध होत गेली, आणि हे सगळे एकमेकांपासून दोन-चार दिवसांच्या वाटेवर राहत होते. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. विणणारा, सुतार, लोहार, घड्याळजी आणि पैसेवाला एकाच पंचक्रोशीत होते.

आणि यंत्र तयार झाल्याबरोबर इंग्लंडनं पहिलं काम काय केलं? कुलूप घातलं. कुशल कारागिरांनी परदेशी स्थायिक होण्यावर १८२४ पर्यंत बंदी होती, आणि कापडाची यंत्रं देशाबाहेर पाठवण्यावर १८४३ पर्यंत. तरी अमेरिकेचा फ्रान्सिस कॅबट लोवेल १८१० नंतर इंग्लंडात येऊन गिरण्या हिंडला, यंत्रमाग डोळ्यांत साठवला आणि परत जाऊन पॉल मूडी नावाच्या कारागिराच्या मदतीनं पुन्हा उभा केला. १८१४ मध्ये वॉल्थॅम गावात त्याची गिरणी सुरू झाली. ते नुसतं मशीन विकत घेत बसले असते तर अमेरिका कापसाची शेतं राखणारा देश राहिली असती.

आजही हेच चालू आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेनं चीनला प्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं देण्यावर निर्बंध घातले. सर्वांत बारीक चिप कोरणारं अतिनील प्रकाशाचं यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. लोकसंख्येनं महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढाही नसलेला तो देश, आणि ते यंत्र कुणाला द्यायचं यावर महासत्तांची भांडणं लागतात. १८४३ पूर्वीचा कायदा आणि आजचा कायदा शेजारी ठेवून बघा, फक्त यंत्राचं नाव बदललं आहे.

आता मला ज्याच्याबद्दल खरं सांगायचं आहे त्याच्याकडे येते. जपानात शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यात साकिची टोयोडा नावाचा सुताराचा मुलगा होता, जन्म १८६७ चा. आई घरी हातमागावर विणायची. तिचे श्रम कमी व्हावेत म्हणून तो मागाला काहीबाही जोडायला लागला. १८९१ मध्ये त्याला लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट मिळालं. पुढची तीस-पस्तीस वर्षं तो माणूस एकच गोष्ट करत राहिला, माग सुधारत राहिला. कर्ज झालं, भागीदार तुटले, स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं. १९२४ मध्ये त्यानं आणि त्याचा मुलगा कीइचिरो यानं असा माग बनवला की धावत्या वेगात, न थांबता, धोटा आपोआप बदलला जाई, आणि ताण्याचा एक दोरा तुटला तरी माग स्वतःहून थांबे. तुटक्या दोऱ्याचं कापड पुढे जाऊच नये, हा त्यामागचा हट्ट. ज्यांनी रात्रपाळीत पेंगुळलेल्या कामगाराच्या हातून वारभर टॉवेल खराब झालेला पाहिला आहे, त्यांना या हट्टाची किंमत कळेल.

१९२९ मध्ये त्या मागाचे हक्क कुणी विकत घेतले, तर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं. जगाला कापडाची यंत्रं विकणाऱ्यांतलं ते सर्वांत मोठं इंग्रजी नाव. एक लाख पौंडांचा करार झाला. शंभर वर्षांपूर्वी जो देश कुलूप लावून बसला होता, तोच किल्ली मागायला जपानच्या दारात आला. कीइचिरोनं मोटारीचे प्रयोग सुरू केले, १९३३ मध्ये मागाच्याच कारखान्यात मोटारीचा विभाग निघाला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी झाली. सुझुकीचंही तेच. मिचिओ सुझुकीनं १९०९ मध्ये हामामात्सूला मागांचाच कारखाना काढला होता. आज होटगी रोडला उभं राहून मोजा, पाचातल्या दोन-तीन गाड्यांवर या दोघांपैकी एकाचं नाव सापडेल. दोन्ही नावं मागाच्या कारखान्यातून आली आहेत. ज्याला अचूक दात पाडता येतात, ओतीव लोखंड सोसायला लावता येतं, वेगात चालणारी वस्तू ऐन क्षणी थांबवता येते, त्याला उद्या मोटारही करता येते. मागात साठलेलं ज्ञान कापडापुरतं राहत नाही.

आपल्याकडे हे होऊ शकलं नसतं का? मला तसं अजिबात वाटत नाही. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. इंग्लंडचे गिरणीवाले तेव्हा म्यूलवर अडून बसले होते, आणि जमशेटजींनी अमेरिकेत निघालेल्या रिंग चात्या, म्हणजे सूत कातायच्या नव्या तऱ्हेच्या चात्या, आपल्या मिलमध्ये लावून पाहिल्या. उत्पादन वाढलं, इतर हिंदी गिरण्या मागून आल्या. लँकेशायरमध्ये १९१३ पर्यंत बहुसंख्य चात्या म्यूलच्याच होत्या. म्हणजे आपण इंग्रजांच्या पुढे होतो. पण चाती बनवणारा कारखाना मात्र आपण तेव्हा काढला नाही. त्याच सुमाराला आपल्या सोलापुरात जुनी मिल उभी राहिली. नंतर बाकीच्या मिली आल्या, गाव कापडाचं झालं, तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबं माग घेऊन आली आणि पूर्व भागात घरोघरी खडखडाट सुरू झाला. मिली एकेक करून बंद पडल्या, यंत्रमाग उरले. आपण काय गमावलं याचा हिशेब मांडताना नोकऱ्या मोजल्या जातात, आणि त्या मोजायलाच हव्यात. पण त्याच वेळी हजारो जॉबर, फिटर, मिस्त्री घरी बसले, आणि त्यांच्या डोक्यातलं कुणी लिहून घेतलं नाही. माझे वडील पुढे एका दुकानात हिशेब लिहीत होते. मागाला हात लावायची वेळ त्यांच्यावर पुन्हा आली नाही.

चादरीचीच गोष्ट घ्या. तिच्यावरचा मोर आणि वेलबुट्टी जकार्डवर उठते. १८०४ मध्ये लियाँच्या जोसेफ मारी जकार्डनं तो जोड काढला. पुठ्ठ्याला भोक असेल तर दोरा वर, नसेल तर खाली. ही कल्पना उचलून हर्मन हॉलेरिथनं १८९० ची अमेरिकेची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली, आणि त्याची कंपनी ज्या जोडणीत गेली तिचंच पुढे आयबीएम झालं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक काका आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून, मग ते वाचत वाचत पुठ्ठ्यांना भोकं पाडत. एका चादरीसाठी पुठ्ठ्यांची माळच्या माळ. ते जे करत होते त्याला आज प्रोग्रॅमिंग म्हणतात. त्यांची नातवंडं आज पुण्याला संगणकाच्या कंपन्यांत आहेत आणि सणाला हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येतात. आणि आपला इलेक्ट्रॉनिक जकार्ड युरोपातून येतो.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, बाई, आम्ही व्यापारी माणसं, सुताचा भाव रोज हलतो, विजेचं बिल अंगावर येतं, जीएसटी आहे, कामगार मिळत नाही. माग स्वस्तात मिळतो तर घेऊ, बनवत कशाला बसू? मला तुमची ओढाताण दिसते. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत मी ती पाहिली आहे. पण स्वस्त घेण्याचा हिशेब कसा उलटतो ते नीळवाल्यांना विचारा. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं लंडनमध्ये पहिला कृत्रिम रंग काढला. इंग्लंडनं त्यातलं संशोधन फारसं पुढे नेलं नाही. जर्मनांनी मात्र कारखान्यांतच प्रयोगशाळा बांधल्या, रसायनशास्त्रज्ञ पगारावर ठेवले, आणि १८९७ मध्ये बीएएसएफनं कारखान्यातली नीळ बाजारात आणली. आपल्याकडची नीळ थोड्या वर्षांत बसली. आणि १९१४ ला युद्ध पेटलं तेव्हा खुद्द ब्रिटनला कापड रंगवायला रंग मिळेनात, कारण स्वस्त म्हणून ते जर्मनीकडून घेत आले होते.

दुसरा मुद्दा अनुदानाचा. १९९९ पासून तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेतून केंद्र सरकारनं नवीन मशिनरीच्या कर्जावर व्याजात सूट दिली, तुमच्यापैकी अनेकांनी ती घेतली आणि बरंच केलं. पण त्या पैशातून आलेले धोट्याविना चालणारे माग बहुतेक परदेशच्या कारखान्यांतले होते. घेणं सोपं केलं, शिकणं कुणी सोपं केलं नाही. देश म्हणूनही आपली तीच सवय आहे. संशोधनावर आपण राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाऊण टक्काही खर्च करत नाही. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास करतो, दक्षिण कोरिया पाचच्या जवळपास.

याला उत्तर आपल्याच देशात आहे. अहमदाबादच्या गिरणीवाल्यांनी विक्रम साराभाईंना पुढे घालून १९४७ मध्ये अटिरा ही संशोधन संस्था उभी केली. कोइमतूरच्या गिरण्यांनी १९५६ मध्ये तशीच सिट्रा काढली, आणि १९६२ मध्ये तिथेच लक्ष्मी मशीन वर्क्स निघाली, स्विस कंपनीशी करार करून. आधी त्यांचं शिकले, मग स्वतःचं बनवू लागले. आज कताईची जवळपास सगळी यंत्रं तिथे बनतात. कताईत जे जमलं ते विणाईत का जमू नये? आणि लांब कशाला, इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला, आणि १९८२ मध्ये त्या गावानं डीकेटीई ही वस्त्रोद्योगाची अभियांत्रिकी संस्था काढली. आपल्या गावात कॉलेजं आहेत, विद्यापीठ आहे, चादरीला भौगोलिक मानांकन आहे. माझी पोरं हुशार होती, हे मी तीस वर्षं वर्गात पाहिलं आहे. पण शिकताना एकदाही त्यांनी चालू रॅपिअर माग आतून उघडलेला पाहिला नाही, कारण कुठल्या मालकानं पन्नास लाखांचा माग पोरांना उघडू द्यावा?

माझी मागणी मोठी नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून बंद पडलेले किंवा भंगारात निघालेले तीन-चार रॅपिअर माग विकत घ्या. एमआयडीसीतला एखादा रिकामा गाळा बघा. तिथे ते माग खिळ्यापर्यंत उघडूया. प्रत्येक भाग मोजायचा, चित्र काढायचं, कोणता भाग सोलापुरात होईल, कोणता पुण्याच्या फाउंड्रीत होईल, कोणता अजून होणार नाही, ते नोंदवायचं. पहिल्या वर्षी नुसते झिजणारे सुटे भाग बनवू. दुसऱ्या वर्षी पाइलच्या सोडीचं स्वतःचं कार्ड, ज्याचा पासवर्ड आपला असेल. ते शक्य आहे, हे मी अंदाजानं बोलत नाही. ज्या विद्यार्थ्यानं मला बोलावलं त्यानं एका जुन्या मागावर साध्या सुट्या बोर्डावर असं एक कार्ड चालवून दाखवलं आहे. दोन तास बरं चाललं, तिसऱ्या तासाला तापून बंद पडलं. तापतं का, ते शोधायलाच तर गाळा हवाय. शिकवायला गावात अजून जॉबर आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांना मानधन द्या, सत्काराची शाल नको.

आणि पुढचे माग घ्याल तेव्हा एकेकट्यानं घेऊ नका. वीस जण मिळून एक ऑर्डर द्या आणि करारात लिहून घ्या की चित्रं, दोषांच्या आकड्यांची यादी, सुट्या भागांची मापं आणि पासवर्ड आमच्या ताब्यात मिळेल, आमची दोन पोरं तुमच्या कारखान्यात सहा महिने शिकतील. एका मालकाला हे कुणी देणार नाही. शंभर मागांच्या ऑर्डरीला नाही म्हणताना विकणारा दोनदा विचार करेल.

एक गोष्ट मला झाकून ठेवायची नाही. नवे माग येतील तसे कामगार कमी लागतील. साधे दोन माग सांभाळणारा माणूस आणि एकटा आठ रॅपिअर सांभाळणारा माणूस, हा हिशेब तुम्ही रोज मांडता. तो माग जपानात बनला काय नि चिंचोळीत बनला काय, कामगार तेवढाच कमी होणार. फरक एवढाच, की माग इथे बनला, इथे दुरुस्त झाला, तर त्या कामगाराच्या मुलाला इथे फिटरचं, इलेक्ट्रॉनिक्सचं, ओतकामाचं काम असेल. नाहीतर बापाचं कामही जाईल आणि मुलगाही जाईल. ज्या घरातली बाई विड्या वळून घर चालवते आणि पुरुष कारखान्यात रात्रपाळी करतो, त्या घरातल्या पोरांना मी शिकवलं आहे. गाळ्यातल्या पहिल्या जागा त्यांना द्या, ही माझी विनंती आहे.

येत्या महिन्यात तुमच्यापैकी दहा जणांनी जरी हो म्हटलं, तरी मी रोज सकाळी गाळ्यावर येईन, पगार नको. वडिलांची वही मी अजून कुणाला दिलेली नाही. कडा झिजल्यात, पेन्सिल काही पानांवर पुसट झालीय, पण धोट्याच्या पेटीचं माप अजून वाचता येतं. पहिल्या दिवशी ती टेबलावर ठेवीन. शेवटची चाळीस पानं कोरी आहेत.

आपली,
एका जॉबरची मुलगी
साखर पेठ, सोलापूर